शाळांमधील इंटरनेट फिल्टर : कायदा, मर्यादा आणि विद्यार्थ्यांची जबाबदारी

शाळेच्या संगणक कक्षात एखादे संकेतस्थळ उघडू पाहावे आणि पडद्यावर ‘प्रवेश नाकारला’ अशी पाटी झळकावी, हा अनुभव विद्यार्थ्यांना आता नवा राहिलेला नाही. ही पाटी दाखवणाऱ्या यंत्रणेला फिल्टर म्हणतात. शाळेच्या नेटवर्कच्या वेशीवर बसून ती बाहेर जाणारी प्रत्येक विनंती तपासते. अश्लील, हिंसक, जुगाराच्या वा फसवणुकीच्या संकेतस्थळांची वर्गवार यादी तिच्यापाशी असते. मागितलेला पत्ता त्या यादीत सापडला की दार बंद होते. गोव्यात ‘केअर्स’ योजनेतून शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्सचे शिक्षण सुरू झाल्यापासून संगणक हा तासिकेचा भाग बनला आहे. त्यामुळे ही चाळणी नेमके काय अडवते आणि तिच्यातून काय निसटते, हा प्रश्न केवळ संगणक शिक्षकांपुरता उरलेला नाही.

अमेरिकेचा धडा

या विषयाचा दीर्घ आणि कागदोपत्री नोंदलेला अनुभव अमेरिकेच्या गाठी आहे. अल्पवयीनांच्या रक्षणासाठी केलेल्या तेथील एका कायद्यातील असभ्य मजकुरासंबंधीची कलमे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली घटनाबाह्य ठरवली. मजकूर टाकणाऱ्याला शिक्षा करण्याचा मार्ग असा खुंटल्यावर कायदेमंडळाने पाहणाऱ्याच्या संगणकाकडे मोर्चा वळवला. २१ डिसेंबर २००० रोजी ‘चिल्ड्रन्स इंटरनेट प्रोटेक्शन ॲक्ट’ संमत झाला. शाळा आणि ग्रंथालयांना इंटरनेटच्या खर्चात ‘ई-रेट’ योजनेखाली २० ते ९० टक्के सवलत मिळते. ही सवलत हवी असेल तर अश्लील आणि मुलांना अपायकारक दृश्ये अडवणारी यंत्रणा बसवा, असा या कायद्याचा रोख होता. थेट सक्ती नव्हती; पण ९० टक्के सवलत नाकारण्याची ऐपत किती शाळांची असणार?

ग्रंथालयांनी मात्र न्यायालयात धाव घेतली. फिल्टर निरुपद्रवी पानेही अडवतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप खालच्या न्यायालयाला पटला. सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २००३ रोजी सहा विरुद्ध तीन अशा मतांनी तो निकाल फिरवून कायदा वैध ठरवला. प्रौढ वाचकाने मागणी केल्यास ग्रंथपाल फिल्टर बंद करू शकतो, ही सोय त्या निर्णयात महत्त्वाची ठरली. शाळेतल्या मुलाला अशी मागणी करता येत नाही. त्याच्यासाठी कोणते पान उघडे ठेवायचे, हे शाळा आणि यादी बनवणारी कंपनी ठरवते.

या यादीत कोणाची मते कशी शिरतात, याचे उदाहरण मिसूरी राज्यातील कॅमडेंटन शाळा-जिल्ह्यात दिसले. तेथील फिल्टरने समलिंगी विद्यार्थ्यांना आधार देणारी संकेतस्थळे ‘लैंगिकता’ या वर्गात टाकून अडवली होती. समलैंगिकतेला विरोध करणारी संकेतस्थळे मात्र ‘धर्म’ या वर्गात गेल्याने विनासायास उघडत होती. २०१२ साली संघीय न्यायालयाने हा भेदभाव थांबवण्याचा आदेश दिला. त्याआधी, २०१० मध्ये, पेनसिल्व्हेनियातील लोअर मेरियन शाळा-जिल्ह्याचे प्रकरण गाजले होते. विद्यार्थ्यांना दिलेल्या लॅपटॉपचे कॅमेरे हरवलेली यंत्रे शोधण्यासाठी दुरून चालू करण्याची सोय तेथे होती आणि त्यातून मुलांची त्यांच्या घरातील छायाचित्रे टिपली गेली. शाळा-जिल्ह्याला ६ लाख १० हजार डॉलर देऊन तडजोड करावी लागली. चाळणी आणि पाळत यांतील अंतर किती थोडे आहे, हे त्या एका प्रकरणाने दाखवून दिले.

तथापि या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलकी घटना कोणत्याही न्यायालयात घडली नाही. २००८ साली अमेरिकी कायदेमंडळाने आपल्याच कायद्याला एक जोड दिली. समाजमाध्यमांवर आणि गप्पांच्या दालनांत कसे वागावे, ऑनलाइन छळ कसा ओळखावा आणि त्याला तोंड कसे द्यावे, हे मुलांना शिकवण्याचे बंधन शाळांवर आले. १ जुलै २०१२ पासून तसे प्रमाणित केल्यावाचून सवलत मिळेनाशी झाली. यंत्रावर भिस्त ठेवणारा कायदा आठ वर्षांत शिक्षकाकडे परतला होता.

चाळणीची छिद्रे

याचे कारण फिल्टरच्या घडणीतच आहे. केवळ शब्दांवरून निवाडा करणारी यंत्रणा अर्थ जाणत नाही. १९९६ मध्ये इंग्लंडमधील स्कंथॉर्प गावच्या रहिवाशांना अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या सेवेत नाव नोंदवता येईना, कारण गावाच्या नावातील अक्षरांत एक अपशब्द दडलेला होता. एसेक्स आणि ससेक्स या परगण्यांच्या नावांवरही अशीच पाळी येऊ शकते, हे सांगायला नको. उलट बाजूने पाहिल्यास, इंग्रजी शब्दसूचीवर चालणाऱ्या फिल्टरला रोमन लिपीत लिहिलेली मराठी किंवा कोंकणी शिवी ओळखता येण्याचे कारण नाही. गोव्यातील मुले एकमेकांशी बहुधा त्याच लिपीत बोलतात.

दुसरी मर्यादा तांत्रिक आहे. आजची बहुतेक संकेतस्थळे सांकेतिक स्वरूपात माहिती पाठवतात. त्यामुळे साध्या फिल्टरला मूल कोणत्या संकेतस्थळावर गेले एवढे कळते; तेथे त्याने काय वाचले वा लिहिले, ते कळत नाही. व्हीपीएन वापरले की तेवढेही दिसत नाही. शिवाय शाळेचा फिल्टर शाळेच्या जोडणीपुरताच असतो. खिशातल्या मोबाईलचा डेटा त्याच्या वाटेने जातच नाही, आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एखाद्या मुलीची टिंगल चालली असेल तर तिथे अडवण्यासारखे ‘वाईट संकेतस्थळ’ मुळी नसतेच. तिथे असतात ते वर्गमित्र.

आपल्याकडील स्थिती

भारतात शालेय फिल्टरसाठी अमेरिकेसारखा स्वतंत्र कायदा नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. फायरवॉल आणि फिल्टर बसवावेत, वयाला साजेशी निवडक संकेतस्थळेच खुली ठेवावीत, संगणक सर्वांच्या नजरेच्या टप्प्यात असावेत, असे त्यांत सांगितले आहे. या सूचना त्या मंडळाशी संलग्न शाळांपुरत्या आहेत. गोवा मंडळाच्या शाळांना त्या आपोआप लागू होत नाहीत.

विद्यार्थ्याच्या वर्तनाला मात्र देशाचा कायदा सर्वत्र लागू आहे, आणि नेमके हेच अनेक घरांत ठाऊक नसते. मित्राचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अल्पवयीनांची लैंगिक स्वरूपाची छायाचित्रे किंवा चित्रफिती बनवणे, पाहणे वा पुढे पाठवणे कलम ६७ ब मध्ये येते आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. वर्गातील मुलीचे असे छायाचित्र ‘हे बघ काय आले आहे’ म्हणून मित्राला धाडणारा मुलगाही कायद्याच्या भाषेत प्रसारकच ठरतो. पुरावा म्हणून ते चार जणांना दाखवणाराही त्यातून सहज सुटत नाही. अठरा वर्षांखालील मुलांची प्रकरणे बाल न्याय मंडळापुढे जातात आणि तेथील भर शिक्षेपेक्षा सुधारणेवर असतो. पण तोवर पोलीस, पालक आणि शाळा या तिन्ही दारांतून त्या मुलाला जावे लागते.

जबाबदारीचा हा पाठ शाळेने कसा द्यावा? प्रार्थनेच्या वेळी वाचलेल्या सूचनांनी फारसे साधत नाही. बनावट खाते कसे ओळखावे, गटातील टिंगल वाढू लागली की त्यात हसरा चेहरा न टाकता बाहेर कसे पडावे, धमकीचे संदेश पुसून न टाकता का जपावेत, हे वर्गात उदाहरणे घेऊन बोलावे लागते. फिल्टरने अभ्यासाचे पान अडवले तर ते उघडून मागण्याची रीतही मुलांना सांगितलेली असावी. अन्यथा ती व्हीपीएनची वाट शोधतात आणि त्यांना दोष देणे कठीण होते.

मोठ्यांकडूनही एक चूक हमखास होते. मुलाने काही घडल्याचे सांगितले की पहिल्यांदा त्याचा मोबाईल काढून घेतला जातो. पुढच्या वेळी ते मूल सांगत नाही. छायाचित्रे पसरवण्याची धमकी देऊन पैसे उकळणाऱ्यांचा सारा धंदा या गप्प बसण्यावर चालतो.

अशा प्रसंगी शाळेला हात झटकता येत नाहीत. बालकांवर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यास पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि संस्थेच्या प्रमुखाने ते टाळल्यास त्याला कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर महिला व बालकांसंबंधीच्या तक्रारींसाठी स्वतंत्र विभाग आहे; तेथे बालकांच्या लैंगिक शोषणाच्या मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. पैशांची फसवणूक झाली असल्यास १९३० हा क्रमांक तत्काळ फिरवावा. बालकांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी विनाशुल्क असून चोवीस तास चालू असते, आणि तिच्यावर मूल स्वतःही फोन करू शकते.