ऑनलाइन वर्गाचे अलिखित नियम लिहिण्याची गरज

तळेगाव दाभाडे मागे टाकून इंद्रायणीवरचा पूल ओलांडला की आंबी गाव लागते. एका बाजूला नवलाख उंबऱ्याची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला मावळातील भातखाचरे आणि मध्ये डी. वाय. पाटील शैक्षणिक संकुलाच्या इमारती. मार्च २०२० मध्ये राज्यातील महाविद्यालये बंद झाली, तेव्हा अशा सर्वच संकुलांतील वसतिगृहे रिकामी झाली आणि वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरू लागला. पुढे विद्यार्थी परतले. मात्र ऑनलाइन वर्ग पुरता गेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्' या केंद्रीय मंचावरून पूर्ण करण्याची मुभा दिली. अभियांत्रिकीची संपूर्ण पदवी ऑनलाइन घेता येत नाही, परंतु तिच्यातील काही विषय घेता येतात. मुसळधार पावसाच्या दिवशी घेतले जाणारे तास, बाहेरगावच्या तज्ज्ञांची व्याख्याने, प्रकल्पाच्या चर्चा यांसाठीही हाच मार्ग वापरला जातो.

चार भिंतींच्या वर्गात बरेचसे नियम कोणी लिहून ठेवलेले नसतात. शिक्षक आत आले की उठून उभे राहावे, हजेरीला स्वतःच 'ओ' द्यावी, बोलायचे असेल तर हात वर करावा, हे शाळेपासून अंगवळणी पडलेले असते. पडद्यावरच्या वर्गात ही सवय कामाला येत नाही. तेथे जे लिहून सांगितलेले नसते, ते प्रत्येक जण आपापल्या परीने ठरवतो. पुढे वाद उद्भवला, तर कोणाकडेच बोट ठेवण्यासारखी ओळ नसते.

संवादाची रीत

बहुतेक महाविद्यालयांत वर्गाचा खरा सूचनाफलक म्हणजे व्हॉट्सॲपवरील गट. तेथे वेळापत्रकातील बदल, स्वाध्यायाची मुदत, सणाच्या शुभेच्छा आणि रात्री अकराला विचारलेली शंका, सारे एकाच ओळीने वाहत असते. त्यातून निघणारा 'सरांनी सांगितले होते', 'आम्हाला कळलेच नाही' हा वाद प्रत्येक सत्राअखेरीस ठरलेला. म्हणून मुदत, गुण आणि परीक्षेविषयीची सूचना अधिकृत ईमेल किंवा महाविद्यालयाच्या शिक्षण-प्रणालीवरूनच यावी आणि व्हॉट्सॲपवर केवळ तिची आठवण द्यावी, ही वाटणी सत्राच्या पहिल्याच आठवड्यात जाहीर करणे इष्ट ठरते. शिक्षक किती दिवसांत उत्तर देतील आणि कोणत्या वेळेनंतर देणार नाहीत, हेही त्याच कागदावर यावे.

विद्यार्थ्याच्या ईमेलला विषयाची ओळ असावी. खाली पूर्ण नाव, वर्ग, तुकडी आणि पीआरएन क्रमांक असावा. 'सर, माझे मार्क कमी आले' एवढ्याच मजकुराच्या पत्रावरून शिक्षकाला दीडशे विद्यार्थ्यांतून लिहिणारा शोधावा लागतो. आदरार्थी संबोधनाचे तर मराठीत कधीच वावडे नव्हते. अडचण येते ती सूर चुकल्याने. समोरासमोर हसत बोललेले वाक्य लिहिल्यावर उद्धट वाटू शकते आणि ठळक अक्षरांतील साधी विनंतीही दटावणीसारखी दिसते.

वर्गातील वर्तन

महासाथीच्या काळात हजेरीच्या यादीत 'रेडमी नोट', 'पप्पा', 'साई मोबाइल शॉपी' अशी नावे झळकत. त्यात खोडी थोडीच असे. बहुतेकदा फोन घरातल्या दुसऱ्याचा असे. तरीही वर्गात कोण बसले आहे हे शिक्षकाला कळलेच पाहिजे. खरे नाव व हजेरी क्रमांक लिहून प्रवेश करणे, ध्वनी बंद ठेवणे, प्रश्नासाठी हाताचे चिन्ह वापरणे आणि वर्गाचा दुवा बाहेरच्या कोणालाही न देणे, या अपेक्षा सर्वमान्य आहेत.

कॅमेऱ्याचा प्रश्न इतका सरळ नाही. सर्वांनी कॅमेरा चालूच ठेवावा असा हुकूम शिक्षकाच्या दृष्टीने स्वाभाविक असतो, कारण काळ्या चौकटींना शिकवणे हे भिंतीला शिकवण्यासारखेच. पण एका खोलीच्या घरातून, मागे स्वयंपाक चालू असताना किंवा धाकटे भावंड रडत असताना बसलेल्या विद्यार्थ्याला तो हुकूम अवमानकारक वाटू शकतो. अंदर मावळातील डोंगरकुशीच्या गावांत तर चित्र सुरू केले की आवाज तुटतो. ओळख पटवताना आणि तोंडी परीक्षेच्या वेळी कॅमेरा आवश्यक, एरवी ऐच्छिक, ही मधली वाट अधिक न्याय्य आहे. वीज किंवा जोडणी गेल्यास किती वेळात कोणाला कळवायचे आणि हुकलेला भाग कसा मिळेल, हेही आधीच सांगितलेले असले पाहिजे. अन्यथा खरी अडचण आणि सबब यांत फरक करण्याचे साधनच उरत नाही.

तासाचे रेकॉर्डिंग होणार असेल तर तसे आरंभीच जाहीर करावे. विद्यार्थ्याने परस्पर शिक्षकाचे किंवा सहाध्यायीचे छायाचित्र टिपून त्याचे विनोदी चित्र फिरवणे हा गमतीचा विषय नव्हे. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. त्याखाली दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आयोगाचे रॅगिंगविरोधी विनियम २००९ चे. कनिष्ठ विद्यार्थ्यांना छळण्यासाठी चालवले जाणारे अनौपचारिक व्हॉट्सॲप गटही रॅगिंगमध्येच मोडतात, असे आयोगाने २०२५ मध्ये महाविद्यालयांना बजावले. पडद्याआडून केलेला त्रास वेगळा मोजला जाईल, या समजुतीला आता आधार नाही.

प्रामाणिकपणा : नियम कोठे थांबतो

कॉपी हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. विद्यापीठ व मंडळाच्या परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठी राज्याने १९८२ मध्येच स्वतंत्र कायदा केला. पण त्या कायद्याच्या नजरेपुढे होते परीक्षागृह: चिठ्ठी, तोतया परीक्षार्थी, फुटलेली प्रश्नपत्रिका. ऑनलाइन वर्गातील मूल्यमापनाचा मोठा भाग परीक्षागृहाबाहेर, घरी सोडवलेल्या स्वाध्यायांवर चालतो.

वाङ्मयचौर्याविषयीचे देशव्यापी विनियम आयोगाने जुलै २०१८ मध्ये जारी केले. त्यांत साम्याच्या चार पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के साम्य आढळल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्के असल्यास वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. संदर्भासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, कायद्यांचा मजकूर, प्रमाणित समीकरणे आणि सलग १४ शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगाचे साम्य मोजणीतून वगळले जाते. अनेक महाविद्यालयांतील शिक्षक हे टक्के विद्यार्थ्यांना धाक म्हणून ऐकवतात. प्रत्यक्षात हे विनियम प्रबंध, शोधनिबंध अशा लेखनाला लागू आहेत. स्वाध्याय, सत्रनिबंध, प्रकल्प-अहवाल आणि उत्तरपत्रिका यांना त्यांनी स्पष्टपणे वगळले आहे.

म्हणजे आंबीतील काय किंवा पुण्यातील काय, पदवीचा विद्यार्थी चार वर्षांत जे काही लिहून देतो, त्यातील बहुतेक मजकूर या नियमाच्या कक्षेबाहेर राहतो. तेथे महाविद्यालयाचा स्वतःचा नियम असेल तरच नियम आहे. विनियमांनी प्रत्येक संस्थेला आपले धोरण ठरवून संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्यास आणि सचोटीची तत्त्वे पदवीच्या अभ्यासक्रमातही शिकवण्यास सांगितले आहे. ही दुसरी बाब पहिलीहून अधिक महत्त्वाची आणि अधिक दुर्लक्षित आहे.

कारण उतरवून काढणे हा अनेकदा संस्थेनेच लावलेला परिपाठ असतो. अभियांत्रिकीच्या वर्गात सत्राअखेरीस 'सबमिशन'चा हंगाम येतो. एका हुशार मुलाची जर्नल वसतिगृहातील दहा खोल्यांतून फिरते. काचेखाली दिवा लावून ड्रॉइंगची शीट गिरवण्याला तर 'जीटी' असे लाडके नावच आहे. शिक्षकांनाही हे ठाऊक असते. त्यांनीही कधीकाळी तेच केलेले असते. सत्र संपेपर्यंत ज्या कृतीकडे काणाडोळा होतो, तीच ऑनलाइन स्वाध्यायात केली की गुन्हा कशी ठरते, हा विद्यार्थ्याचा प्रश्न अगदीच पोरकट नाही. त्याचे उत्तर आधी जर्नलपाशी द्यावे लागेल. मित्राशी उदाहरणाची चर्चा करणे योग्य, पण त्याच्या वहीतील पायऱ्या आपल्या म्हणून देणे अयोग्य. प्रयोगाची मांडणी गटाने करावी, पण निष्कर्ष प्रत्येकाने लिहावा. ही रेषा प्रत्येक स्वाध्यायावर छापलेली असली पाहिजे.

एनपीटीईएलने या प्रश्नाशी केलेली तडजोड बोलकी आहे. आयआयटी व भारतीय विज्ञान संस्थेचा हा उपक्रम २००३ मधला; प्रमाणपत्राचे अभ्यासक्रम २०१४ पासून. साप्ताहिक स्वाध्यायांना २५ गुण आणि केंद्रावर ओळखपत्र दाखवून द्यावयाच्या परीक्षेला ७५ गुण, अशी विभागणी आहे. स्वाध्यायांची उत्तरे दर आठवड्याला समाजमाध्यमांवर फिरतात हे सर्वश्रुत आहे. घरी लिहिलेल्या कामावर किती विश्वास ठेवायचा, त्याचे माप जणू २५ गुणांच्या रूपाने सांगितले गेले आहे.

पुणे विद्यापीठाने ऑक्टोबर २०२० मध्ये अंतिम वर्षाची परीक्षा ऑनलाइन घेतली, तेव्हा ही कसोटी मोठ्या प्रमाणावर लागली. बहुपर्यायी प्रश्नांना वेळेचे बंधन घातले, पुढे कॅमेऱ्याची देखरेख आली. कॅमेऱ्याला चेहरा दिसतो. टेबलाखालचा दुसरा फोन दिसत नाही. पाठांतर तपासणारा प्रश्न घरी विचारला की त्याचे उत्तर शोधले जाणार, हे गृहीत धरूनच प्रश्न काढावा लागतो. पुस्तक उघडे ठेवूनही विचार करावा लागेल असा प्रश्न आणि स्वाध्यायानंतरची पाच मिनिटांची तोंडी परीक्षा, हे दोन उपाय देखरेखीच्या महागड्या प्रणालींपेक्षा अधिक गुणकारी आहेत.

यंत्राने लिहिलेले उत्तर

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि साम्याची टक्केवारी मोजणारी साधने अपुरी पडू लागली. यंत्राचा मजकूर कोठूनही जसाच्या तसा उचललेला नसतो. इंग्रजीतून मराठीत आणलेला उताराही ही साधने सहजी पकडत नाहीत. यंत्राचे लेखन ओळखणारी साधने निघाली, पण चॅटजीपीटीच्याच निर्मात्या कंपनीने आपले असे साधन अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. केवळ अशा साधनाच्या अहवालावर गुण कापणे म्हणूनच धोक्याचे आहे.

हरियाणातील एका खासगी विद्यापीठात एलएल.एम.च्या विद्यार्थ्याला उत्तरे यंत्राने लिहिल्याच्या आरोपावरून अनुत्तीर्ण ठरवण्यात आले. यंत्राचा वापर वर्ज्य असल्याचा स्पष्ट नियमच विद्यापीठाने केलेला नाही, असे म्हणत तो २०२४ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात गेला. विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केले आणि याचिका निकाली निघाली. नियमाच्या प्रश्नावर न्यायालयाचे मत आलेच नाही. महाविद्यालयांनी मात्र धडा घेण्याजोगा आहे: भाषा सुधारण्यासाठी यंत्र चालेल का, आराखड्यासाठी चालेल का, आज्ञावली लिहिण्यासाठी चालेल का, हे विषयागणिक लिहून द्यावे लागेल.

आरोप झाल्यास

विद्यार्थ्याला आरोप लेखी मिळावा, पुरावा पाहता यावा, म्हणणे मांडण्यास वेळ मिळावा आणि निर्णय केवळ तक्रार करणाऱ्या शिक्षकाच्या हाती नसावा, एवढे किमान अपेक्षित आहे. संशोधनासाठी २०१८ च्या विनियमांनी विभागीय आणि संस्थास्तरीय अशा दोन समित्या सांगितल्या आहेत. पदवीच्या स्वाध्यायांसाठी त्याच धर्तीची लहान समिती नेमण्यास कोणतीही आडकाठी नाही. पहिल्या चुकीला पुनर्लेखन, दुसऱ्या वेळी त्या स्वाध्यायाचे गुण शून्य, अशी चढती मांडणी आधी जाहीर केलेली असावी. विद्यार्थ्यांनी आपल्या स्वाध्यायाचे कच्चे खर्डे, वहीतील आकडेमोड आणि फाइलच्या आधीच्या आवृत्त्या निकाल लागेपर्यंत जपून ठेवाव्यात. सुनावणीत सर्वाधिक उपयोग त्यांचाच होतो.