‘खाडा’ ते ‘रजा’ : मुंबईतील गिरणी-कामगार स्त्रिया व प्रसूतीचा हक्क

१९२० च्या सुमारास मुंबईच्या कापडगिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारणपणे एक स्त्री असे. रीळ आणि वाइंडिंग ही खाती मुख्यतः स्त्रियांची होती व त्यांच्यावर देखरेख नाइकिणीची असे. गैरहजेरीला गिरणीच्या बोलीत ‘खाडा’ म्हणत, आणि खाडा पडला की त्या जागी ‘बदली’ उभी राही. बाळंतपणामुळे होणारी अनुपस्थितीही खाड्यातच जमा होई. कोकणात वा घाटावर माहेरी जाऊन परतलेल्या बाळंतिणीला तिची जागा पुन्हा मिळेल की नाही, हे बहुधा नाइकिणीच्या मर्जीवर अवलंबून राही. खाड्याचे रजेत रूपांतर कसे झाले आणि त्यात कामगार संघटनांचा वाटा कितपत होता, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेच्या १९१९ च्या वॉशिंग्टन अधिवेशनात प्रसूती-संरक्षणाचा करार संमत झाला. प्रसूतीनंतर सहा आठवडे कामास बंदी, तत्पूर्वी सहा आठवडे रजेचा अधिकार आणि या काळातील निर्वाहासाठी सार्वजनिक निधीतून अथवा विम्यातून साहाय्य, अशी त्याची त्रिसूत्री होती. खर्च एकट्या मालकावर टाकलेला नव्हता, हे विशेष ध्यानात घेतले पाहिजे. हिंदुस्थान सरकारने हा करार मान्य केला नाही. मात्र त्या अधिवेशनास कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेलेले ना. म. जोशी यांनी हा विषय सोडला नाही. १९२० मध्ये मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली, आणि १९२४ मध्ये जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात कारखाने, खाणी व चहामळे यांतील स्त्रियांसाठी विधेयक मांडले. १९२५ मध्ये ते फेटाळले गेले. स्त्रिया प्रसूतीसाठी गावी जातात, सबब कायद्याचे प्रयोजन नाही, असा विरोधकांचा एक युक्तिवाद असे. गावी जाण्याने मजुरी बुडते, ती कोणी भरून द्यावयाची, हा मूळ प्रश्न त्यात बाजूलाच राही.

मुंबई इलाख्यात निराळी वाट निघाली. सरकारने नेमलेल्या डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांच्या १९२२ मधील पाहणीने गिरणी-कामगार स्त्रियांची स्थिती उजेडात आणली. आई कामावर असताना मूल शांत पडून राहावे म्हणून त्यास अफू चारण्याची प्रथा तीत नोंदली गेली. पुढे आर. एस. आसवले यांचे प्रसूती-लाभ विधेयक मुंबई कायदे कौन्सिलात आले. त्यावर जुलै १९२८ मध्ये चर्चा चालू होती तेव्हा शहरात एप्रिलपासून सुरू झालेला सार्वत्रिक संप धगधगत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधेयकास पाठिंबा देताना मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राचे हित आहे व म्हणून हा भार बह्वंशी सरकारनेच उचलला पाहिजे, असे प्रतिपादन केले. तथापि सरकार तो भार उचलीत नाही तोवर, स्त्रियांच्या श्रमापासून अधिक लाभ मिळविणाऱ्या मालकाने त्याचा वाटा उचलावा, हेही त्यांनी सांगितले.

१९२९ मध्ये कायदा अमलात आला. जास्तीत जास्त सात आठवडे, रोज आठ आणे, आणि तेही मालकाकडून. हे लहानसे कलम पुढील अनेक घटनांचे मूळ ठरले. भार थेट ज्याच्या त्याच्या गिरणीवर पडल्यामुळे विवाहित तरुण स्त्रीस कामावर ठेवणे हेच मालकाच्या हिशेबात खर्चाचे कारण बनले. गर्भारपणाची चिन्हे दिसताच स्त्रियांना कमी करण्याच्या प्रकाराची दखल रेगे समितीने १९४६ मध्ये घेतली. मात्र स्त्रियांची संख्या घटण्याचे खापर या कायद्यावरच फोडणे अन्यायाचे होईल. रात्रपाळीत स्त्रियांना असलेली बंदी आणि रॅशनलायझेशनमुळे वाइंडिंग खात्यात झालेली कपात ही कारणे अधिक बलवत्तर होती.

संघटनांच्या भूमिकेतही एक आंतरविरोध दिसतो. उषाबाई डांगे, पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी स्त्रियांना संपात उतरविले. कपातीविरुद्ध रीळ-वाइंडिंगच्या स्त्रिया स्वतः लढल्या. परंतु पुरुष हाच कुटुंबाचा पोशिंदा, या गृहीतावर वेतनाची मागणी उभी असल्याने स्त्रीचे काम दुय्यम ठरे. परिणामी बाळंतपणाचा लाभ मागितला गेला, पण बाळंतिणीची नोकरी टिकविण्याचा आग्रह तितक्या जोराने धरला गेला नाही. कायद्याच्या नावातही ‘लाभ’ हाच शब्द आहे, ‘रजा’ नाही. रजेत परत येणे गृहीत असते, लाभात नसते.

१९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने वॉशिंग्टन करारातील विम्याचे तत्त्व अखेर स्वीकारले. १९६१ च्या केंद्रीय प्रसूती-लाभ कायद्याने विम्याबाहेरच्या स्त्रियांस बारा आठवड्यांचे संरक्षण दिले, परंतु खर्च पुन्हा मालकावरच ठेवला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी मुदत सव्वीस आठवडे झाली. भाराची व्यवस्था बदलली नाही. आठवडे वाढले म्हणजे हक्क वाढलाच, असे म्हणता येत नाही. १९२८ मध्ये कौन्सिलात विचारला गेलेला प्रश्न, हा भार कोणी वाहावयाचा, ज्या प्रमाणात सुटेल त्याच प्रमाणात बाळंतिणीची जागा तिची राहील.