'रान': डोळे का पाणावत नाहीत?

अकिरा कुरोसावा यांच्या 'रान' (१९८५) या चित्रपटाविषयी प्रेक्षकांची एक तक्रार वारंवार ऐकू येते: चित्रपट भव्य आहे, पण हिदेतोरासाठी डोळे पाणावत नाहीत. शेक्सपिअरचा लिअर हलवून सोडतो. हा वृद्ध सरदार दूरच राहतो. आम्हांला हे निरीक्षण मान्य आहे, मात्र तो चित्रपटाचा दोष वाटत नाही.

कुरोसावांनी आरंभ लिअरपासून केलाच नव्हता. १६व्या शतकातील मोरी मोतोनारी या सरदाराने तीन मुलांना बाणांच्या जुडीवरून एकीचा धडा दिल्याची आख्यायिका जपानात प्रसिद्ध आहे. ती मुले चांगली निघालीच नसती तर, हा त्यांचा मूळ प्रश्न. लिअर मागाहून आला, आणि त्याला भूतकाळच नाही हे कुरोसावांना खटकले. हिदेतोराला त्यांनी तो दिला, आणि तो रक्ताने माखलेला आहे. थोरली सून काएदे हिचे माहेर त्याने बुडवले, मधली सून सुए हिचेही. तिचा भाऊ त्सुरुमारू याचे डोळे काढवले. वादळात भटकणाऱ्या हिदेतोराला आसरा मिळतो तो याच आंधळ्याच्या झोपडीत! मग अश्रू नेमके कोणासाठी ढाळायचे? 'नटसम्राट'मधल्या बेलवलकरांच्या वाटेने लिअरकडे गेलेल्या मराठी प्रेक्षकाला ही विभागणी अधिकच जड जात असावी.

कॅमेराही क्वचितच जवळ जातो. तिसऱ्या किल्ल्याच्या संहारात लढाईचे सारे आवाज लुप्त होतात, उरते तोरू ताकेमित्सु यांचे संगीत. थोरल्या तारोला पाठीमागून गोळी लागते तेव्हाच कोलाहल परततो. आणि शेवटचे दृश्य हिदेतोराचे नाहीच. उद्ध्वस्त किल्ल्याच्या कड्यावर त्सुरुमारू एकटा उभा आहे, अमिदा बुद्धाचे चित्र त्याच्या हातून खाली पडले आहे.