दिव्याकडून डायोडकडे: एका स्फटिकाची २७ वर्षांची प्रतीक्षा

#थ्रेड #विज्ञानाचा_इतिहास

१/ १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील मालिबू येथे थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीवर सर्पिल फ्लॅशदिव्याचा लखलखाट पाडला आणि जगातील पहिला लेसर साकारला. स्फटिकाला अशी बाहेरून प्रकाशऊर्जा पुरवणे म्हणजेच ‘पंपिंग’.

२/ मात्र दिवा सर्व रंग ओततो आणि स्फटिक त्यांतील मोजकेच शोषतो. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. १९६२ मध्ये अवतरलेला अर्धवाहक डायोड लेसर नेमका एकच रंग देत असे. १९६४ मध्ये एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत कीज आणि क्विस्ट यांनी डायोडच्या प्रकाशाने स्फटिक-लेसर चालवून दाखवला. परंतु त्यासाठी अतिशीत तापमान आवश्यक होते.

३/ सामान्य तापमानाला अखंड चालणारे डायोड १९७० मध्ये लेनिनग्राड आणि बेल प्रयोगशाळेत सिद्ध झाले. त्यांचा प्रकाश अवरक्त होता. निओडिमियमयुक्त स्फटिकांना तो मानवला.

४/ पेच पुढेच होता. १९८२ मध्ये पीटर मोल्टन यांनी टायटॅनियमयुक्त नीलमण्याचा लेसर घडवला. १९९१ मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात स्पेन्स, कीन आणि सिबेट यांनी त्यातून ६० फेम्टोसेकंदांचे स्पंद मिळवले. (१ फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाख अब्जावा भाग.)

५/ या स्फटिकाला हवा होता निळा-हिरवा प्रकाश, आणि तो देणारा समर्थ डायोड अस्तित्वातच नव्हता. म्हणून अवाढव्य वीज खाणारा, वाहत्या पाण्याने थंड ठेवावा लागणारा आर्गॉन लेसर जोडावा लागे. अतिलघु स्पंद ही त्यामुळे संपन्न प्रयोगशाळांचीच मिरास राहिली.

६/ यातून दोन वाटा निघाल्या. पहिली, स्फटिकच बदलण्याची: क्रोमियमयुक्त स्फटिक तांबडा, तर इटर्बियमयुक्त स्फटिक अवरक्त प्रकाश स्वीकारतात. पण डायोडवर चालणाऱ्या अशा लेसरांत स्पंदमालिका अस्थिर होई. १९९२ मध्ये उर्सुला केलर यांनी योजलेल्या अर्धवाहक आरशाने तिला स्थैर्य दिले.

७/ दुसरी वाट वळणाची: डायोडने निओडिमियमचा लेसर चालवायचा, त्याचा अवरक्त किरण हिरव्यात रूपांतरित करायचा आणि तो नीलमण्याला द्यायचा. १९९० च्या दशकात या मार्गाने आर्गॉन लेसर मागे पडू लागला.

८/ त्याच दशकात जपानमध्ये शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडचा निळा डायोड लेसर साधला. अखेर २००९ मध्ये स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात नीलमण्याचा लेसर थेट निळ्या डायोडवर चालला. मोल्टन यांच्या शोधाला तेव्हा २७ वर्षे झाली होती.

९/ शोधाचे श्रेय बहुधा स्फटिकाला दिले जाते. तो प्रयोगशाळेबाहेर कधी पडेल, हे मात्र त्याला प्रकाश पुरवणाऱ्या साधनाने ठरवले. आज नेत्रशस्त्रक्रियेत पारपटल छेदणारे फेम्टोसेकंद लेसर रुग्णालयाच्या एका खोलीत मावतात, ते डायोडमुळेच.