जोडकडी (पॅराशूट)

जोडकडी किंवा कनेक्टर लिंक हा पॅराशूटच्या छत्राच्या दोऱ्या आणि उडी घेणाऱ्याच्या हार्नेसचे पट्टे यांना जोडणारा सुटा भाग होय. छत्राकडून खाली येणाऱ्या दोऱ्यांचे जुडगे एका बाजूस आणि राइझर नावाचा विणलेला पट्टा दुसऱ्या बाजूस, असे दोन्ही या कडीत अडकवलेले असतात. स्कायडायव्हिंगच्या आयताकृती छत्राला सर्वसाधारणपणे चार जोडकड्या असतात. त्यांपैकी एक उघडली तर छत्राचा एक कोपरा मोकळा होतो, छत्र गरगरत खाली येऊ लागते आणि ते सोडून देऊन राखीव छत्र उघडावे लागते. राखीव छत्राच्याच कडीबाबत असे घडले तर दुसरा उपाय उरत नाही. आकाराने बोटाच्या पेराएवढ्या असणाऱ्या या भागाची निवड व जोडणी यांना म्हणूनच महत्त्व आहे.

स्थान व कार्य

पुढच्या दोन राइझरांवरील कड्यांत छत्राच्या पुढील भागाच्या, म्हणजे 'ए' व 'बी' गटांतील दोऱ्या येतात, तर मागच्या दोन कड्यांत 'सी' व 'डी' गटांतील. दिशा बदलण्याच्या दोऱ्या मात्र कडीला बांधलेल्या नसतात. त्या मागच्या राइझरवरील कड्यातून ओवून थेट हातातल्या मुठींपर्यंत जातात. छत्र उघडताना दोऱ्यांवरून स्लायडर नावाचा चौकोनी कापडी तुकडा घसरत खाली येतो व छत्र एकदम फुलू देत नाही. त्याच्या चार कोपऱ्यांत धातूची वलये बसवलेली असतात. हा स्लायडर आपला प्रवास जोडकड्यांवर आदळून संपवतो. जोडकडीच्या संरक्षणाचा सगळा प्रश्न या आदळण्यातून उद्भवतो.

धातूच्या कड्या

गोल पॅराशूटांच्या काळात इंग्रजी 'एल' अक्षरासारखे दोन भाग एकत्र बसवून स्क्रूने बंद होणाऱ्या कड्या प्रचलित होत्या. आयताकृती छत्रांबरोबर लांबट आकाराची, एका बाजूस फिरत्या नटाने बंद होणारी कडी रूढ झाली. फ्रान्समधील पेगे कंपनीच्या 'मायाँ रापिद' या नाममुद्रेवरून तिला रॅपिड लिंक म्हणतात. या कड्या क्रमांकाने ओळखल्या जातात आणि क्रमांक म्हणजे ढोबळमानाने सळीची मिलिमीटरमधील जाडी. क्रमांक ३.५, ४, ५ व ६ हे आकार पॅराशूटसाठी वापरात आहेत.

मोठी कडी अधिक मजबूत, म्हणून अधिक चांगली, हा समज बरोबर नाही. डेक्रॉनच्या जाड दोऱ्या लहान कडीत कोंबल्या तर त्या एकमेकींवर चढतात आणि नट नीट बसत नाही. उलट स्पेक्ट्रा किंवा व्हेक्ट्रानच्या बारीक दोऱ्या मोठ्या कडीत सैल राहतात. अशी कडी आडवी फिरू शकते व ताण लांबीच्या दिशेने न येता नटावर येतो. राइझरची रुंदीही विचारात घ्यावी लागते, कारण सुमारे २५ मिलिमीटरच्या अरुंद राइझरचा फासा आणि सुमारे ४४ मिलिमीटरच्या रुंद राइझरचा फासा एकाच कडीवर सारखे बसत नाहीत.

लोखंडी सामानाच्या दुकानात अगदी अशाच दिसणाऱ्या कड्या मिळतात. पॅराशूटसाठी त्या वापरू नयेत. दिसण्यावरून पोलादाची प्रत कळत नाही.

नट अर्धवट फिरवलेला असल्यास बंद वलयाऐवजी ती कडी उघड्या आकड्यासारखी वागते व तिची भारक्षमता फार घटते. नट बोटांनी पूर्ण बसवून पान्याने साधारण पाव फेरा आणखी आवळण्याची पद्धत आहे. त्याहून जास्त आवळल्यास नटाला तडा जाण्याचा किंवा आटे बिघडण्याचा धोका असतो. आवळून झाल्यावर नट व कडी यांवरून रंगाची एक सलग रेघ ओढतात. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, हे पाहताक्षणी समजते.

मऊ कड्या

धातूऐवजी स्पेक्ट्राच्या दोरीची बनवलेली कडी म्हणजे मऊ कडी किंवा सॉफ्ट लिंक. अमेरिकेतील परफॉर्मन्स डिझाइन्स या कंपनीची 'स्लिंक' ही त्यांतील सर्वपरिचित होय. तिच्या एका टोकास फास व दुसऱ्या टोकास जाड पट्टी असते. ती दोऱ्या व राइझर यांतून ठरावीक वेळा ओवून शेवटी फास पट्टीवरून घेतात. ताण आला की फास आवळला जातो. पट्टी राइझरच्या फाशाआड लपवून हातशिलाईने दोनतीन टाके घालतात, नाहीतर ती फिरून दोऱ्यांच्या बाजूस येऊ शकते. ओवण्यात एक फेरी चुकली तरी बाहेरून कडी ठीकच दिसते, म्हणून जोडणीनंतर दुसऱ्या जाणकाराने तपासणे हितावह ठरते.

मऊ कडी हलकी असते, गंजत नाही आणि स्लायडरच्या वलयांना इजा करत नाही. परंतु स्पेक्ट्रा सुमारे १५० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो, त्यामुळे घर्षणाची उष्णता त्याला मानवत नाही. धातूच्या कड्या काढून मऊ कड्या बसवताना जुना स्लायडर तसाच ठेवणे ही नेहमीची चूक आहे. वर्षानुवर्षे धातूवर आदळून वलयांच्या कडा खरखरीत झालेल्या असतात व त्या नव्या कडीचे धागे कातरतात.

संरक्षक साधने

धातूच्या कडीवर चढवलेली प्लॅस्टिकची किंवा रबरासारख्या पदार्थाची नळी स्लायडरच्या वलयाचा आघात झेलते. तिला बंपर म्हणतात. बंपर नसल्यास वलयाला खाचा पडतात आणि त्या पुढच्या प्रत्येक उडीत दोऱ्या घासतात, म्हणजे हानी कडीवर होत नाही, दोरीवर होते. बंपर दोऱ्यांवर आधी ओवून मग कडी बंद करावी लागते. तो टाक्यांनी जागेवर धरला नसेल तर दोऱ्यांवरून वर सरकून स्लायडरला वाटेतच अडवू शकतो. मऊ कड्यांसाठी कापडी आवरणे मिळतात. आवरणामुळे आतील कडी दृष्टीआड होते, ही त्याची उणी बाजू. तपासणीच्या वेळी ते बाजूला सारावे लागते.

तपासणी व नियम

मुख्य छत्राच्या कड्या घडी घालताना पाहण्याचा प्रघात आहे. राखीव छत्राच्या कड्यांचा प्रकार उत्पादकाच्या सूचनांनुसारच ठरतो. अमेरिकेत राखीव छत्राची घडी प्रमाणित रिगरनेच घालावी लागते व कृत्रिम धाग्यांच्या छत्रासाठी तिची मुदत १८० दिवसांची आहे. २००८ पूर्वी ती १२० दिवसांची होती. धातूच्या कडीत तडा, गंज, वाक व आट्यांची झीज पाहिली जाते. मऊ कडीत तुटके किंवा पिंजारलेले धागे, उष्णतेने आलेली चकाकी व निसटलेले टाके पाहतात. यांपैकी काहीही आढळल्यास कडी दुरुस्त न करता बदलतात. दोऱ्यांचा पूर्ण संच बदलताना मऊ कड्याही बहुधा नव्याच घालतात.