ठिबक कुणाचं, फड कुणाचा?

रोजच्या वापरातल्या वस्तूचा शोध कुणी लावला, हा प्रश्न आपल्याला शाळेपासून सवयीचा आहे. डावीकडे वस्तू, उजवीकडे नाव, जोड्या लावा! आज आपण खानदेशातली दोन उदाहरणं घेऊ. दोन्ही पाण्याचीच आहेत.

पहिलं ठिबक. जळगावच्या केळीच्या बागेत ते दिसलं नाही तर आता आपल्यालाच चुकल्यासारखं वाटतं. त्याचं जनकत्व सिम्खा ब्लास या इस्रायली जल-अभियंत्याकडे जातं. गळक्या नळाजवळचं एक झाड इतरांपेक्षा जोमानं वाढलेलं त्यांना दिसलं, ही गोष्ट १९३० च्या दशकातली सांगतात. पण निरीक्षणाचं साधन व्हायला प्लॅस्टिकची नळी यावी लागली. १९६५ मध्ये हात्झेरिम इथल्या सामूहिक वस्तीनं त्यांच्याशी करार करून उत्पादन हाती घेतलं. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाकोदच्या भवरलाल जैन यांनी जळगावात हा उद्योग उभा केला. आणि मडकं जमिनीत पुरून पाणी झिरपू द्यायची युक्ती तर इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातल्या एका चिनी शेतीग्रंथात आहे. मग जनक कुणाला म्हणायचं?

आता दुसरं उदाहरण. जळगावहून धुळ्याकडे, पांझरेच्या काठी येऊ. इथली फड पद्धत काही शतकांची. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटातून चाऱ्या. खालची जमीन साधारण चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं, पुढं फेरपालट करायची. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड सोडून द्यायचा. बऱ्याच शेतकऱ्यांचे तुकडे वेगवेगळ्या फडांत असत, त्यामुळे झळ एकट्यादुकट्याला बसत नसे. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या पीक राखी, हवालदार देखरेख करी, तंटा पंच मिटवत. हाही शोधच की! पण शोधकाचं नाव विचाराल, तर ते नाही.

आपल्या न्यायदर्शनात घटाच्या उत्पत्तीचं उदाहरण नेहमी येतं. कुंभार हे निमित्तकारण. माती वाहून आणणारं गाढव मात्र 'अन्यथासिद्ध', म्हणजे तिथं हजर असूनही कारणांत न मोजलेलं. शोधांचा इतिहास लिहिताना आम्ही अभ्यासक मंडळी नेमकं हेच करतो. पेटंटवाला तेवढा कुंभार. पाटकरी, जागल्या सगळे अन्यथासिद्ध!

यात निव्वळ श्रेयाचा प्रश्न असता तर आम्ही तुमचा वेळ घेतला नसता. ज्याला नाव नाही, ते मोडलं तरी कुणाच्या लक्षात येत नाही. विहिरी आल्या, मोटारी आल्या, ज्याचं त्याचं पाणी वेगळं झालं आणि बरेच फड विस्कटले. तिकडे यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात ठिबक असूनही भूजल खोल गेलं. ठिबक माझ्या शेतातलं पाणी वाचवतं; वाचलेल्या पाण्यावर मी आणखी केळी लावावी की शेजाऱ्यासाठी ते सोडावं, हे नळी सांगत नाही. ते फड सांगत होता.

तेव्हा इथून पुढं 'कुणी शोधलं?' यासोबत 'कुणी सांभाळलं?' हेही विचारू या. पांझरेकाठी याचं उत्तर देणारी म्हातारी माणसं अजून आहेत, तोवर तरी.