लसीनंतर इजा झाली तर भरपाई कोणाकडे मागायची?

सावरगाव (पांढुर्णा) : समजा, सावरगावच्या लसीकरण सत्रात बाळाला डोस दिला, रात्री फिट आली आणि घरच्यांनी तडक नागपूर गाठलं. डोस मध्य प्रदेशात, उपचार महाराष्ट्रात. पुढे कायमचं अपंगत्व आलं, तर भरपाईचा अर्ज कुठे करायचा?

नसबंदी फसली किंवा त्यात जीव गेला तर सरकारचं ठरलेलं दरपत्रक आहे. लसीसाठी तसं दरपत्रक कोविडची अख्खी मोहीम आटोपली तरी झालं नव्हतं. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने सुप्रीम कोर्टात सांगितलं की लसीच्या दुष्परिणामासाठी सरकारला जबाबदार धरता येणार नाही, निष्काळजीपणा झाला असं वाटत असेल तर दिवाणी कोर्टात दावा करावा. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या एका वडिलांनी मुलीच्या मृत्यूबद्दल मुंबई हायकोर्टात 1,000 कोटी रुपये मागितले आणि कोर्टाने केंद्र, राज्य व सीरम इन्स्टिट्यूटला नोटिसा काढल्या. आकडा गाजला. पण नोटीस म्हणजे निकाल नव्हे, हे बातमी वाचताना पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

इंग्लंडमध्ये 1979 पासून कायदा आहे. लसीने गंभीर अपंगत्व आलं तर एकरकमी पैसे मिळतात, चूक कोणाची ते सिद्ध करावं लागत नाही. अमेरिकेत 1986 च्या कायद्याने प्रत्येक डोसवर थोडा कर लावून वेगळा फंडच उभा केला. आपल्याकडे मात्र इजा लसीनेच झाली हे दाखवा, आणि बहुतेक वेळा कोणाची तरी चूकही दाखवा, असा दुहेरी भार कुटुंबावर येतो. म्हणून सगळा दावा उभा राहतो तो पहिल्या काही दिवसांच्या कागदांवर.

पहिला कागद

लसीनंतर मृत्यू, दवाखान्यात भरती किंवा अपंगत्व आलं की सरकारी भाषेत ती 'एईएफआय'ची गंभीर केस होते. वैद्यकीय अधिकाऱ्याने 24 तासांत जिल्हा लसीकरण अधिकाऱ्याला कळवायचं असतं. पुढे तपासाचे फॉर्म भरले जातात आणि राज्याची समिती कारण ठरवते. ही कळवणी झाली की नाही, ते नातेवाइकांनी स्वतः विचारावं. नागपूरच्या डॉक्टरांना बाळाला ताप कधी आला ते सांगितलं जातं, पण परवाच डोस दिला होता हे सांगायचं घाबरगुंडीत राहून जातं. मग केसपेपरवर लसीचा उल्लेखच येत नाही. डोस कुठे, कधी, कोणत्या बॅचचा, हे भरती करतानाच लिहून घ्या. कळवणी झाली नसेल तर औषधांच्या दुष्परिणामांची सरकारी हेल्पलाइन 1800-180-3024 आहे. 2 मे 2022 च्या निकालात सुप्रीम कोर्टानेही म्हटलं होतं की लोकांना आणि खासगी डॉक्टरांना थेट तक्रार नोंदवता आली पाहिजे.

लसीकरण कार्ड जपून ठेवा. दवाखान्याच्या रेकॉर्डची प्रत लेखी मागितली तर 72 तासांत द्यावी, असा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा नियम आहे. मृत्यू झाला असेल तर पोस्टमॉर्टेमला नाही म्हणू नका. मन धजत नाही हे खरं, पण त्याशिवाय पुढे बोलायला आधार उरत नाही. समितीचा निष्कर्ष माहितीच्या अधिकारात मागता येतो. उत्तराची मुदत 30 दिवस. पांढुर्णा जिल्हा 2023 मध्ये झाला, तेव्हा त्याआधीच्या डोसचं रेकॉर्ड आधी छिंदवाड्यात विचारावं.

निष्कर्षात काय लिहिलंय?

जून 2021 मध्ये केंद्राच्या समितीने कोविड लसीनंतरच्या 31 गंभीर केसेसचा निष्कर्ष दिला. 18 केसेस योगायोगाच्या, म्हणजे आजार वेगळाच होता. 7 अनिश्चित. 3 लसीशी संबंधित, त्यात 68 वर्षांच्या एका गृहस्थाचा तीव्र अ‍ॅलर्जीने झालेला मृत्यू होता. 1 भीतीतून झालेला त्रास. उरलेल्या 2 केसेसचं वर्गीकरणच करता आलं नाही, कारण माहिती अपुरी होती. लसीनंतर घडलं म्हणजे लसीमुळेच घडलं असं नाही, हे 18 चा आकडा सांगतो. पण शेवटच्या 2 वर विचार करा. कागदच नसतील तर 'हो' मिळत नाही आणि 'नाही' सुद्धा.

निष्कर्षात 'लसीकरणातील चूक' असा शेरा असेल तर दावा बराच सोपा होतो. जानेवारी 2021 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात 12 बाळांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं होतं. बाळं वाचली, कर्मचारी निलंबित झाले. तिथे चूक कोणाची हे शोधायला तज्ज्ञ लागला नाही. लस बरोबर, देण्याची पद्धत बरोबर, तरी शरीराने उलट घेतलं, अशा केसमध्ये खरी अडचण होते.

कोणतं दार?

खासगी दवाखान्यात पैसे देऊन डोस घेतला असेल तर ग्राहक आयोग. तक्रारीची मुदत 2 वर्षं. 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात जाता येतं, म्हणजे सौंसरच्या माणसाने नागपुरात डोस घेतला तरी तारखांसाठी नागपूरला चकरा नकोत.

सरकारी केंद्रात सगळ्यांना फुकट मिळणारी सेवा मात्र सुप्रीम कोर्टाच्या 1995 च्या निकालाप्रमाणे ग्राहक कायद्यात बसत नाही. तिथे दिवाणी दावा, आणि त्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस. चूक उघड दिसत असेल तर हायकोर्टात रिट. डोस पांढुर्ण्यात दिला असेल तर जबलपूर, नागपुरात दिला असेल तर नागपूर खंडपीठ. दिवाणी दाव्याच्या मुदती वेगवेगळ्या आहेत, त्यामुळे वकिलाला लवकर भेटलेलं बरं. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. विधी सेवेचा नंबर 15100.

किती मागायचं? कोर्टं बरेचदा मोटार अपघाताचा हिशेब आधाराला घेतात. महिना 15,000 कमावणारा 22 वर्षांचा अविवाहित मजूर मेला तर वर्षाचे 1,80,000, पुढच्या वाढीचे 40 टक्के धरून 2,52,000, स्वतःच्या खर्चाचा अर्धा भाग वजा करून 1,26,000, गुणिले 18. झाले 22,68,000. उपचाराची बिलं वेगळी. मुख्यमंत्री निधीतून मिळालेली मदत ही भरपाई नसते. ती घेतली म्हणून दावा सोडावा लागत नाही.

तडजोड होत असेल तर घाई नको. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, आणि 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या कागदावर सही झाली की बहुतेक विषय संपतो. बाळाचं अपंगत्व किती, हे वर्ष-दोन वर्षं कळतही नाही. अज्ञान मुलाच्या वतीने दावा चालू असेल तर कोर्टाच्या परवानगीशिवाय केलेली तडजोड त्या मुलावर बंधनकारक राहत नाही. समोरचा पक्ष घरी येऊन चेक देत असला, तरी आधी कोर्टात अर्ज द्यावा आणि रक्कम मुलाच्या नावाने मुदत ठेवीत टाकण्याची मागणी त्याच अर्जात करावी.